मान टाकणारा प्रोग्राम

राउटरची म्हणून मी जी पिन खेचली, ती फ्रिजची निघाली. तलासरीच्या मेहुणीचा फ्रिज गप्प झाला आणि राउटर आपला लुकलुकतच राहिला, नेट न देता.

अकराला तिच्या मुलीची नोकरीची मुलाखत होती, ऑनलाइन. नेट सारखं तुटत होतं. बायको म्हणाली, "अहो, मोबाइलवरून देऊ दे ना तिला."

"मोबाइलचा काय भरवसा? मी बघतो." डहाणूला एका कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. सासरच्या माणसांत माझी पत काय ती तेवढ्यावरच.

माझ्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर आहे. नेटवर्कमधून जाणारं डेटाचं एकेक पॅकेट उघडून वाचायचं आणि गोंधळ कोण घालतंय ते सांगायचं, हे त्याचं काम. लावलं. आपोआप बंद. परत लावलं, परत बंद. मी उकाड्याला नावं ठेवली, लॅपटॉपला ठेवली, साडूंच्या एक्स्टेंशन बोर्डालाही ठेवली.

"बोर्ड नवा आहे हां, साडूभाऊ," साडू म्हणाले.

शेवटी फोनवर शोधलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं होतं: विशिष्ट प्रकारे बिघडलेलं पॅकेट समोर आलं की आमचा प्रोग्राम कोसळतो, नवी आवृत्ती घ्या. म्हणजे चोर पकडायला बोलावलेल्या हवालदारानं चोर दिसताच चक्कर येऊन पडायचं! उद्या कुणी मुद्दाम तसलं पॅकेट सोडलं, तरी हा आडवाच. कपाळाला हात लावला.

भाची दारात उभी. "काका, दहाच मिनिटं राहिली."

"झालंच!" माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून मी नवी आवृत्ती उतरवायला घेतली. ती रडतखडत, बऱ्याच वेळानं उतरली, चालली, आणि तिनं गुन्हेगार दाखवला: चिकूच्या वाडीवर नजर ठेवणारा साडूंचा स्वस्तातला कॅमेरा. तो वाकडीतिकडी पॅकेटं ओकत सुटला होता. त्याची पिन काढली, या वेळी त्याचीच, आणि नेट सुरळीत झालं.

"आलं नेट!" मी ओरडत बाहेर आलो. मेहुणीनं ओठांवर बोट ठेवलं. वर गच्चीत, बायकोच्या मोबाइलसमोर भाचीची मुलाखत संपत आली होती.

बरी झाली म्हणे. मी मात्र घरी परतताना गाडीत कॅमेरा, पॅकेट, आवृत्ती, सगळं बायकोला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचा प्रोग्राम उतरवायला मोबाइलचं नेट चाललं," ती म्हणाली, "मग पोरीलाच का चालत नव्हतं?"