जोतीराममामांचा डबा

वर्षाराणीच्या एम.टेक.च्या अर्जात सम्राटनं चुकीच्या चौकटीवर टिचकी मारली, तेव्हा त्याचा एक डोळा क्रिकेटच्या स्कोअरवर होता. चौकटी दोनच होत्या. एक नोकरदारांच्या एम.टेक.ची: ठरलेले विषय, परीक्षा, दोन वर्षांत मोकळं. दुसरी संशोधनाची, म्हणजे एकच प्रश्न धरायचा आणि दोन-तीन वर्षं त्याच्या मागं हिंडायचं. अक्कानं सांगितली होती पहिली. सम्राटनं भरली दुसरी.

अक्का म्हणजे वर्षाराणीच, त्याची चुलतबहीण, उचगावच्या एका फाउंड्रीत साच्याची वाळू तपासणारी इंजिनिअर. शेडमध्ये ऐंशी बाप्ये आणि ही एकटी, हेल्मेटात वेणी कोंबून. सुरुवातीला तिला पाहुणी समजून चहा पाजणारी माणसं आता तिच्या सहीशिवाय ओतकामाला हात लावत नव्हती. मालकांनी शब्दच दिला होता, नोकरदारांचं एम.टेक. कर, क्वालिटीची मॅनेजर तूच.

संशोधनाच्या मुलाखतीचं पत्र आलं आणि सम्राटचा पराक्रम उघडा पडला.

"सम्रा, दोन चौकटीतला फरक कळत न्हाय, आणि तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हायस," एवढंच अक्का म्हणाली. चौकट बदलायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. सम्राटनं लगेच मोबाइल काढला. संध्याकाळी बघू म्हणून ती कामावर गेली.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. शेडची रीत अशी, की वाळूचा ओलावा आधी मशीनवर मोजायचा आणि मग सगळ्यांत जुने मोल्डर, म्हणजे साचे भरणारे, जोतीराममामा ती मुठीत दाबून, मोडून बघायचे. मशीन म्हणालं ठीक. मामांनी नाही म्हणून मान हलवली. अक्कानं मशीनचं ऐकून सही केली, आणि दुपारी ओतलेल्या चाळीस कास्टिंगांतली एकोणीस भोकं पडलेली निघाली.

दुसरं कुणी मशीनच्या नावानं बोटं मोडून मोकळं झालं असतं. अक्का सगळ्यांदेखत मामांपुढं उभी राहिली, माझं चुकलं म्हणाली, आणि तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारलं.

"ते मुठीला कळतं की मॅडम. मला न्हाय."

घरी येऊन तिनं सम्राटला मोबाइल खिशात ठेवायला सांगितलं. चौकट आहे तीच राहू दे. सम्राटला चेष्टा वाटली. पण नोकरदारांचं एम.टेक. करणार नाही, असं दुसऱ्या दिवशी तिनं मालकांना तोंडावर सांगितलं, आणि ते आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

मुलाखतीला जाताना तिनं मामांचा जेवणाचा डबा मागून घेतला आणि त्यात शेडमधली वाळू भरून नेली. तिथं तीन प्राध्यापकांना ती मुठीत दाबायला लावली. त्यांच्या शर्टांच्या बाह्या काळ्या झाल्या, पण विषय तिला मिळाला: या मुठीला जे कळतं, ते मोजायचं कसं.

याला वर्ष होत आलं. पहिला नमुना म्हणून डबा प्रयोगशाळेत वाळूसकट बसलाय, वर तारखेची चिठ्ठी डकवून. इकडे मामा कागदात भाकरी बांधून कामावर येतात. परवा वाटेत सम्राट भेटला, तेव्हा त्यांनी अक्काच्या प्रश्नाची चौकशी केली. अजून उत्तर सापडलेलं नाही, असं सम्राटनं सांगितलं.

"सापडंल तवा सापडंल," मामा म्हणाले. "डबा तेवढा धाडा म्हणावं."