राजूरला राहिलेली एक चप्पल

माझ्या मुलीच्या प्रेमप्रकरणात सगळ्यात जास्त मेहनत मी घेतली. मुलगा नवखा होता, मुलगी बारावीत होती. मोठं माणूस म्हणून मलाच पुढे व्हावं लागलं!

काचेच्या बुटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. राजपुत्र एकच बूट घेऊन गावभर हिंडतो आणि ज्या पोरीच्या पायात तो बसेल तिच्याशी लग्न लावतो. त्या गोष्टीत पोरीचा बाप नेमका काय करत असतो, हे कुणी सांगत नाही. आमच्या गोष्टीत तो जुन्या जालन्यात चपलांचं दुकान चालवत होता.

आम्ही मूळचे टेंभुर्णीचे, शेतीवाले. पण मी शहरात येऊन चपला विकायला लागलो आणि बघता बघता त्यातला तज्ज्ञ झालो. (ही पदवी माझी मीच घेतली.) गिऱ्हाईक जरा कुरकुरलं की मी सरळ पाय काउंटरवर ठेवायचो.

"ही बघा, माझ्या पायातली! आपल्याच दुकानातली. दोन पावसाळे काढले, टाका हलला न्हाई!"

"भाऊ, पाय खाली घ्या," शेजारचे कापडवाले शेठ ओरडायचे, "माझं गिऱ्हाईक पळून राह्यलं!"

एके दिवशी ओंकार नावाचा एक कॉलेजातला पोरगा दुकानात आला. मिशी फुटू की नको अशा विचारात होती. त्याने पिशवीतून एक चप्पल काढली. डाव्या पायाची, जांभळ्या पट्ट्याची, वर मोती.

"काका, हिची दुसरी मिळंल का?"

"एकेक पाय विकत न्हाई आपण."

"विकत नको. ही जिची आहे ती पाह्यजे."

मी त्याला ताबडतोब स्टूल दिलं आणि चहा सांगितला. पोरगं बोलायला लागलं. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेल्तो म्हणाला. दर्शनाच्या रांगेत पुढे एक मुलगी होती. तिने त्याला पेढा दिला आणि हसली. नाव विचारायच्या आत तिची बस लागली. घाईत तिला एकच चप्पल सापडली, कंडक्टरने बेल मारली आणि बिचारी ती चप्पल हातात धरून अनवाणीच एसटीत चढली. दुसरी नंतर ह्याला दिसली.

"एक फुलवाल्यापाशी ठेवल्ती काका, अन् दुसरी पार नारळवाल्याच्या मागं."

माझा ऊर भरून आला. देवळात जाताना एक चप्पल इकडे आणि एक तिकडे, म्हणजे चोराला जोड मिळत नाही, ही आमच्या घरातली शिकवण! मुलीला चालता यायला लागल्यापासून मी हेच सांगत आलो होतो.

"हुशार पोरगी!" मी म्हणालो. "चांगल्या घरची. तिच्या बापाला मानलं पाह्यजे!"

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. (त्यांना तेव्हाच कळलं होतं म्हणे. शेजारी असावा तर असा!)

मी चप्पल दाबली, वाकवली, डोळे मिटून हुंगली. "माल आपलाच! म्हंजे पोरगी जालन्यातलीच. सापडली न्हाई तर दुकानाची पाटी उतरवतो!"

"पण काका, तिच्या घरचे?"

"बापाला कोण विचारतं? जल्दी नाव विचारून घ्यायचं. बाप लोक बावळट असतात, त्यांना काही समजत न्हाई."

हे मी बोललो. स्वतःच्या तोंडाने, गल्ल्यावर बसून!

रविवारी मी दुकानाबाहेर फळा लावला: 'ही चप्पल जिला बसेल तिला नवा जोड फुकट.' मग काय विचारता! गल्लीतल्या बायकाच काय, त्यांच्या पाहुण्याही आल्या. एका मावशींनी बोटं मुडपून पाय घुसवला. दुसऱ्या घरून टाचेला साबण लावून आल्या. ओंकार टाच सरकवायचा शिंगडा धरून बसला होता आणि प्रत्येक मावशीगणिक त्याचा चेहरा उतरत होता. पोरगं अगदी रडकुंडीला आलं होतं.

एवढ्यात माझी पिंकी डबा घेऊन आली. आत नजर टाकली आणि तशीच मागे फिरली.

"थांब गं! या बायांना दाखव, चप्पल कशी घालत्यात."

"बाबा, नको ना."

"लाजतीस काय? बापाचंच दुकान हाय!"

मी खाली बसलो, पोटच्या पोरीचा पाय हातात घेतला आणि चप्पल चढवली. बराबर बसली! ओंकारच्या हातातून शिंगडा पडला.

"हीच!" तो म्हणाला.

"हीच काय?" मी विचारलं.

"भाऊ," शेठ म्हणाले, "आता जोड फुकट द्या. पाटी वाचली तुमची."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चतुर्थीला पिंकी अनवाणी घरी आली होती. चपला चोरीला गेल्या म्हणाली (हातातली एक कुठे लपवली देव जाणे!), आणि मी चोराच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. बापाने आता काहीतरी बोलायला हवं होतं. सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं.

"दोघंबी आधी बारावी काढा!" मी गरजलो. "अन् तू गं, दुकानातून हा माल न विचारता कधी नेलास?"

"बाबा," पिंकी हळूच म्हणाली, "ही आपली न्हाई. ऑनलाइन मागवल्ती. आपल्या दुकानातल्या घातल्या की पोरी मला आजी म्हणतात."

मोती लावलेली चप्पल घालून पेढे वाटले, ते मी गिळलं असतं. पण भरदुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ऑनलाइन!

संध्याकाळी बायकोपुढे मन मोकळं केलं. "घरातच फितुरी! इमानानं दुकानातली घालणारा मी एकटाच उरलो."

ती भाकरी थापत होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"अहो, ती पण मीच मागवल्ती, मागच्याच्या मागल्या दिवाळीला. आपल्या खोक्यात घालून दिली, म्हणून तुमच्या ध्यानात आलं न्हाई."

पाटी अजून जागेवर आहे. पोरगी सापडली, माझा शब्द खरा झाला. फक्त आता गिऱ्हाईक कुरकुरलं की मी पाय काउंटरखाली ओढून घेतो. तरी एखादा हट्टाने म्हणतोच, "तुमच्या पायातल्यासारखीच द्या." मग मी त्याला चार दिवसांनी यायला सांगतो, आणि घरी गेलो की गुपचूप पिंकीच्या हातात मोबाइल देतो.