बोलायच्या बाई

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माझ्या थोरल्या मेव्हणीइतकी सोयीस्कर बहिरी बाई दुसरी झाली नाही. कान शाबूत होते. दोन घरं पलीकडं कुणी तिच्या चहाला नावं ठेवली तरी तिला ऐकू यायचं. पण एखाद्या मुलानं नुसतं बोट दाखवून काही मागितलं, की ती ठार बहिरी आणि वर आंधळीही व्हायची. न बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या मुलांना भाषा शिकवणं हा तिचा व्यवसाय. पुण्यात त्याचं शिक्षण घेऊन ती घोडेगावला राहिली आणि डोंगरातल्या वाड्यांपर्यंत एसटीनं हिंडायची. तिच्या कामाचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून लोक तिला ‘बोलायच्या बाई’ म्हणत. आम्ही अक्का म्हणायचो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती दर गुरुवारी बोरी बुद्रुकला आमच्याकडं येऊ लागली. आमची मुलगी पूनम सहा वर्षांची होत आली तरी मोजक्या शब्दांपलीकडं गेली नव्हती. कान तपासून झाले होते, ते चांगले होते. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मात्र स्पष्ट सांगितलं, “पोरगी बोलत नसंल तर इथं तिचं हाल व्हतील. शहरात निवासी शाळा बघा.” म्हणजे एवढंसं पोर घरापासून तोडायचं. ते ऐकून माझी बायको आठवडाभर धड जेवली नाही.

अक्कानं पूनमला सोडून आधी आमचीच तपासणी केली. पूनमनं माठाकडं पाहिलं की आजी पाणी द्यायची, भुवई उचलली की मी बिस्कीट काढायचो, आणि पाहुण्यांनी तिचं नाव विचारलं तर आम्ही तिघं एका सुरात सांगायचो. अक्का म्हणाली, “दाजी, हिनं तोंड उघडायला तुमी जागा तरी ठेवलीय का?” मग तिनं घराची घडीच विस्कटली. लाडू घट्ट झाकणाच्या बरणीत गेले. माझ्या आईच्या ताटात कालवण यायचं, भाकरी नाही. मला चहाच्या वेळी रिकामा कप. पूनमला चूक दिसली पाहिजे आणि तिनं ती बोलून दाखवली पाहिजे. तोवर कुणी हलायचं नाही. आई करवादली, “पोरीला शिकवती का मला उपाशी मारती?” अक्का शांतपणे म्हणाली, “आत्याबाई, नातीला सांगा भाकर मागायला.” मी हिशोबी माणूस, दर गुरुवारी विचारायचो, किती शब्द झाले? “दाजी, ह्या काय कांद्याच्या पिशव्या हायेत व्हय मोजायला?”

एका सकाळी पूनम माझ्या कपात डोकावली आणि म्हणाली, “आबा, च्या नाय.” इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलो नाही, आणि तोही रिकाम्या कपातून.

पुढच्या जूनमध्ये तिला पुन्हा गुरुजींसमोर उभं केलं. अक्का मुद्दाम आली होती. गुरुजींनी नाव विचारलं. पूनम टेबलाकडं बघत राहिली. माझे ओठ हलले तसा अक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की ओठ तिथंच मिटले. गुरुजींनी सुस्कारा टाकला, पेन उचललं आणि रजिस्टरवर काहीतरी लिहायला गेले. कागदावर काही उमटेना. ते पेन झटकत होते, आणि आमची पोर, जिला घरात वर्षभर फक्त चुकाच वाढल्या होत्या, टेबलाजवळ सरकली.

“गुरुजी, टोपण काढा.”

गुरुजींनी टोपण काढलं. मग चष्माही काढला. “नाव काय म्हणालीस?”

“पूनम. तुमचं?”

गुरुजी एवढे हसले की शेजारच्या वर्गातली पोरं दारात गोळा झाली. तिचं नाव त्यांनी त्याच पेनानं लिहिलं. ती अक्षरं मी उलटी, टेबलाच्या अलीकडून वाचली. एवढी छाती माझी स्वतःच्या निकालाला फुगली नव्हती.

बायकोनं अक्काला जेवायला थांब म्हणून विनवलं, पण तिला घोडेगाव गाठायचं होतं. डोंगरातल्या एका मुलाची आई तिथं वाट पाहत होती. स्टँडवर पूनमनं अक्काचा पदर धरला. “मावशी, गुरवारी येनार?”

अक्का खाली वाकली. “आता पावणी म्हणून यीन गं.”

आणि तशीच ती येत राहिली. दिवाळीत, खाऊची पिशवी घेऊन, एका मुक्कामापुरती. पूनम तिला दिवसभर काहीबाही सांगत असते आणि अक्का मध्ये एक शब्द न बोलता ऐकत असते. गुरुवारी मात्र आमच्या घरात सगळ्यांना चहा वेळेवर मिळतो, आणि मला तो तितकासा गोड लागत नाही.