ओव्याची धुरी

घाबरलं की मांजर एवढंसं होऊन जातं. पार्किंगमध्ये वाढलेली आमची चिंगी घरात आणल्यापासून दाराशी बसून ओरडायची, बाहेर सोडा म्हणून. पिल्लं होऊ नयेत म्हणून तिचं ऑपरेशन करून आणलं, तेव्हापासून ती गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालून पलंगाखाली अंग चोरून बसली होती.

"पोटावर सुरी फिरलीय बिचारीच्या," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतिणीसारखंच जपायला हवं." आणि मोठ्या मायेने त्यांनी निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी आणली.

धूर पाहताच चिंगी उसळली. तिने आजवर पाहिला असेल तो जळत्या कचऱ्याचा धूर. खोलीतला धूर जावा म्हणून मी धावत जाऊन बाहेरचं दार उघडलं आणि उघडल्यावर लक्षात आलं, चिंगीला तर बाहेरच जायचं होतं. खाली रस्ता, गाड्या, कुत्री. तिचे टाके अजून ओले.

"गेली गं ती!" पलंगाखाली वाकून पाहत सासूबाई रडवेल्या झाल्या.

मी जिन्यात शोधलं, गाड्यांखाली वाकून पाहिलं. ती कुठेच नव्हती. हात हलवत वर आले, तर स्वयंपाकघरात ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे कॉलर थरथरताना दिसली. दार सताड उघडं असताना ती आत पळाली होती.

मी हात पुढे केला. तिने कॉलरसकट मान त्यावर टेकवली. याच हातांनी मी तिला त्या सुरीखाली नेऊन ठेवलं होतं.

तिची थरथर हळूहळू थांबली. माझी तेव्हा सुरू झाली.