माझी पाळी गेली, तेव्हा आमचा गाळा

डबे पुसताना हात गुंतलेले असतात, पण तोंड मोकळंच असतं. त्यामुळे आमच्या गाळ्यात किस्से साठायला वेळ लागत नाही. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत ना, त्यातला एक छोटासा आमचा. पॉलिश होऊन आलेले टिफिन पुसायचे, स्टिकर लावायचे, खोक्यात भरायचे. मी बिलिंग बघते, पण माल जास्त आला की मीही फडकं घेऊन बसते.

आम्ही चौघी. हंसाबेन सगळ्यात जुन्या, गुजराती, कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या. रजनीमावशी जुन्या भाईंदरच्या कोळीण. शबनम नया नगरची, वयाने सगळ्यात लहान, नुकतंच लग्न झालेली. आणि मी, ज्योती. छत्तीस वर्षांची. या वयात माझी पाळी कायमची गेली आणि तेव्हापासून गाळ्यातल्या निम्म्या किश्श्यांची हिरॉइन मीच!

*

सुरुवातीला कुणालाच वाटलं नाही की पाळी गेलीय. सगळ्यांना वाटलं, दिवस गेलेत! लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही, आणि दोन महिने पाळी चुकलेली. घरी टेस्ट केली तर एकच रेघ. मी हे सांगेपर्यंत इकडे हंसाबेननी मला खोकी उचलायची बंदीही घालून टाकली होती.

"अहो, टेस्ट निगेटिव्ह आहे," मी म्हटलं.

रजनीमावशी उखडल्या. "ती पट्टी काय देव हाय? आमच्या येलेला पट्टी न्हाय व्हती, तरी पोरं झालीच ना!"

खोटं कशाला बोलू, मलाही तेच ऐकायचं होतं.

शेवटी मीरा रोडच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. रक्त तपासलं. महिन्याभराने पुन्हा तपासलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, "तुमच्या अंडाशयांचं काम जवळजवळ थांबलंय. काही बायकांची पाळी अशी फार लवकर जाते."

माझा नवरा संदीप लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. त्याने रिपोर्ट उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "मॅडम, एखादा पार्ट बदलून काही...?"

डॉक्टर हसल्या नाहीत. दुसऱ्या बाईचं बीज घेता येतं, मूल दत्तक घेता येतं, सगळं नीट समजावून म्हणाल्या, "घाई करू नका. आधी ज्योतीची तब्येत सांभाळू."

बाहेर आलो. रस्त्यात नेहमी माझ्या पुढे चालणारा संदीप, त्या दिवशी त्याने माझा हात जो धरला तो सोडेचना. सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर आम्ही तसेच रस्त्याच्या मधोमध उभे! रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला आणि ओरडला, "भाईसाब, बाकी का घर जाके करो!"

*

दुसऱ्या दिवशी गाळ्यात सांगितलं. म्हटलं, एकदाच काय ते सांगून मोकळं व्हावं.

हंसाबेन पटकन बोलून गेल्या, "पाळी गई? अरे, ये तो सारुं थयुं! झंझट गई!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हातातला स्टिकर त्यांनी डब्याऐवजी स्वतःच्या मनगटावर चिकटवला.

मी मात्र हसत होते. कसं कोण जाणे, पण मला रडूच येत नव्हतं. तेवढ्यात मागून हुंदके. बघते तर शबनम! ओढणीत तोंड खुपसून अशी रडत होती की बाजूच्या गाळ्यातली बाई डोकावून गेली.

मीच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अगं, पाळी माझी गेलीय. तू का रडतेस?"

"दीदी, आप तो रो नहीं रही हो," ती नाक पुसत म्हणाली, "तो किसी को तो रोना चाहिए ना!"

*

मग वाफा सुरू झाल्या. छातीतून निघायची ती मानेवरून थेट टाळूपर्यंत! जानेवारीत सगळ्या स्वेटर घालून बसलेल्या आणि मी पंख्याखाली घामाने ओली. गाळ्याच्या मालकांना, आमच्या शेठना वाटलं, मला मलेरिया झालाय.

रजनीमावशींनी एक दिवस थर्माकोलचा डबा आणला आणि माझ्या टेबलाखाली सरकवला. आत बर्फ. "वाफ आली का हात घाल याच्यात. मनगट गार पडलं का आंग गार पडतं."

खरंच बरं वाटायचं. फक्त एक गोष्ट होती. डबा मावशींच्या घरचा, म्हणजे अर्थातच मासळीचा! कितीही धुतला तरी त्याला स्वतःचा असा एक स्वभाव होता.

दुपारी शेठ आत आले आणि दारातच थबकले. "ये मच्छी की बास कहाँ से आ रही है?"

आम्ही तिघी खाली मान घालून डबे पुसायला लागलो. बोलल्या त्या हंसाबेन. मावशींनी सुक्या बोंबलाचं नुसतं नाव काढलं तरी नाकाला पदर लावणाऱ्या हंसाबेन! त्यांनी एक लांब श्वास घेतला. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा नाही.

"कोई बास नथी, शेठ! आपका नाक किसी डॉक्टर को दिखाओ!"

*

हार्मोनच्या गोळ्या घ्यायला डॉक्टरांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं. मी टाळत होते. बिल्डिंगमधल्या बायकांनी मनात भरवून दिलेलं, त्याने असं होतं, तसं होतं. मग एके दिवशी गाळ्यात खोकी बांधायच्या पट्टीत पाय अडकला. पडले म्हणण्याइतकीही पडले नाही, नुसती हातावर टेकले. तरी मनगट मोडलं!

हाडांची तपासणी झाली. हाडं विरळ झालेली. डॉक्टर या वेळी रागावल्याच. "ज्योती, या वयात शरीराला जे मिळायला हवं तेच आपण गोळीतून देतोय. हाडांसाठी, हृदयासाठी. शंका असेल तर मला विचारा, बिल्डिंगला नको."

हाताला प्लास्टर, म्हणून गोळ्या आणायला सासूबाई आल्या सोबत. सासूबाई रत्नागिरीकडच्या. माझी पाळी गेल्याचं कळल्यापासून त्या माझ्याशी फार बोलत नव्हत्या. मला वाटायचं, नातू नाही म्हणून मनात धरून बसल्यात.

मेडिकलवाला तरुण आणि आवाज खणखणीत. चिठ्ठी वाचून म्हणाला, "ये तो हार्मोन की है! पाळी का प्रॉब्लेम किसको है?"

दुकानात गर्दी. त्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि सासूबाई पुढे झाल्या. पांढरे केस, हातात काठी. काउंटरवर काठी आपटून म्हणाल्या, "माझी पाळी! काय म्हणणं हाय तुझं?"

त्याने गुपचूप गोळ्या पिशवीत घातल्या.

घरी येताना मी चांगल्या हाताने त्यांचा दंड धरला. सासूबाईच म्हणाल्या, "तुझ्याशी बोलाया जाय, तर रडू येय. म्हणून गप होते गो."

संध्याकाळी बेल वाजली. दारात खालच्या काकू. सासूबाईंना बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला पण सांगा ना, या वयात तुम्ही नक्की खाता काय?"

*

प्लास्टर असतानाचीच गोष्ट. मला जाणवायला लागलं की गाळ्यात काहीतरी शिजतंय. मी आले की बोलणं थांबायचं. शबनमची खोकी मावशी उचलायच्या. शबनमची ओढणी दिवसेंदिवस मोठी होत चाललेली.

एक दिवस तिला ओकारी आली, ती तोंड दाबून बाहेर पळाली आणि मला सगळं कळलं. मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडले. नळ पूर्ण सोडून, मोठ्याने. तिला मूल होणार म्हणून नाही. म्हणजे, थोडं त्यासाठीही. पण जास्त यासाठी की माझ्यापासून लपवायची वेळ आली.

बाहेर आले तर तिघी रांगेत उभ्या!

"कितवा महिना?" मी विचारलं.

"पाँचवाँ," शबनम जमिनीकडे बघत म्हणाली. "दीदी, मुझे लगा आपका दिल टूट जाएगा."

"हड्डी टूटी तो जोड़ ली ना? दिल भी जुड़ जाएगा. पण मला सांगितलं नाहीस तर नाही जुडणार."

तिने माझा हात घेतला, तोही नेमका प्लास्टरचा, आणि पोटावर ठेवला. थोड्या वेळाने आतून टक्! प्लास्टरवर सरळ लाथ!

हंसाबेन ओरडल्या, "अरे, एने कहो, धीरे! दीदी की हड्डी नाजुक छे!"

*

गोळ्या लागू पडल्या. वाफा कमी झाल्या, झोप यायला लागली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "या गोळ्यांनी पुन्हा पाळीसारखं येईल. ते औषधामुळे असतं, त्यावर मुलाची आशा बांधू नका." मला समजलं होतं. दत्तकाबद्दल आमचं घरात बोलणंही सुरू झालं होतं.

तरीही त्या सकाळी, गाळ्यातल्या बाथरूममधून मी धावतच बाहेर आले. शबनमला विचारलं, "पॅड आहे का गं तुझ्याकडे?"

"दीदी, मेरे पास कहाँ से होगा?" ती पोटाकडे बोट दाखवून म्हणाली. आणि मग तिचे डोळे एकदम मोठे झाले. "दीदी!!"

मावशी समोरच्या मेडिकलमध्ये धावल्या. हंसाबेन त्याहून जोरात धावल्या आणि कोपऱ्यावरून गरम जिलबी घेऊन आल्या. शबनमने मला मिठी मारली, मध्ये तिचं पोट! आम्ही चौघी हसतोय, रडतोय, पाक हातावरून ओघळतोय.

तेवढ्यात शेठ आत आले.

"अरे वा, जिलबी! किस खुशी में?"

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. शेवटी मावशी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "ज्योतीकडं पावनी आलीय, शेठ. लय दिवसांनी."

"मेहमान? अच्छा, अच्छा!" शेठनी एक जिलबी उचलली. "कितने दिन रुकेगी?"

"चार-पाँच दिन," हंसाबेन म्हणाल्या.

शेठनी जिलबी खात आमच्या चौघींचे चेहरे पाहिले. ओले डोळे, हसरी तोंडं. त्यांना फार बरं वाटलं असावं. जाता जाता दारातून वळून मला म्हणाले,

"ज्योतीबेन, उसको हर महीने बुलाया करो!"