दोन वाजताचं ऊन

आमच्या मालकांना, कोंडिबांना, एकतीस वर्सं एकच याड हाय. माले गावच्या शाळेतनं रिटायर होताना हैबतराव गुरुजींनी आपला तापमापक त्यांच्या हातात दिला. तवापासनं तो आमच्या पडवीच्या खांबाला हाय. दुपारी दोनला मालक त्याच्यापुढं डोळं मिटून उभं ऱ्हायचं, ऊन अंगाला किती लागतंय ते मनात धरायचं, मग डोळं उघडून आकडा वहीत लिवायचं. समोर धरणाचं पाणी पांढरंफेक, डोंगर झळंत हळूहळू हलतोय, अन् ह्यो माणूस दुसऱ्याच जगात. बघता बघता माझंबी डोळं जड व्हायचं.

यंदा नेरे गावची मृण्मयी जुन्या नोंदी शोधत आली. पोरगी पुण्यात हवामानाचा अभ्यास करती. ती म्हणली, "काकू, धुरातला कार्बन पृथ्वीवर गोधडीसारखा पसरतो. तो दुप्पट झाला तर जग किती तापेल, अडीच अंश की चार, हे अजून पक्कं सांगता येत नाही. जुन्या नोंदी मिळाल्या की अंदाज नेमका होत जातो." मालकांनी सगळ्या वह्या तिच्या वटीत घातल्या.

आठ दिसांनी ती वह्या घेऊन परत आली. "गंमतच आहे, काका. सगळीकडे ऊन वाढलंय, तुमच्या पडवीत मात्र गेल्या बारा उन्हाळ्यांत उलट उतरलंय. पाण्यामुळे असेल. या खोऱ्याचा अंदाज मी आता खाली आणते."

"आमचं गाव थंडच हाय," मालक म्हणलं. लई फुगलं व्हतं.

बारा उन्हाळं कुठनं आलं ते मला ठाव व्हतं. बारा वर्सांमागं आकडा अडतिसाच्या वर गेला की त्यांना घास उतरंना. हीर आटंल, जित्राबं मरतील, ह्याच घोरात बसायचं. मला लई राग यायचा. एका काचंच्या नळीपायी माणसानं भरल्या ताटावरनं उठायचं व्हय? तवापासनं दर उन्हाळ्यात मी पावणेदोनला नळीला ओलं फडकं गुंडाळायची, त्यांची चाहूल लागली की काढायची. आकडा पस्तीस. मालक पोटभर जेवायचं. अंगाला ऊन जास्त लागलं तर म्हणायचं, "वय झालं माझं."

गप बसले असते तर खपलं असतं. पण ही पोरगी माझी लबाडी जगाच्या हिशोबात घालणार व्हती, अन् उद्या खोटं ठरलं असतं ते मालक. मी सगळं सांगून टाकलं.

मृण्मयीनं पेन खाली ठेवला. "मग उन्हाळ्याच्या या नोंदी सोडाव्या लागतील, काका," ती हळूच म्हणली.

मालकांनी वही मिटली. त्यांच्या जन्माची कमाई मी मातीत घातली, म्हणून मला रडू आवरंना. ते माझ्याकडं वळलं.

"म्हंजे तवा हितं चाळीस असंल."

"असंल," मी म्हणले.

"त्या चाळिसात तू चुलीम्होरं बसून भाकऱ्या थापत व्हतीस. अन् मी ताटावर बसून तुलाच सांगायचो, आज ऊन कमी हाय म्हणून."