दादाच्या नावावर दुरुस्त झालेले स्लायडर

बदनापूरला वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यामागेच आमचं घर. ॲम्प्लिफायर, इक्वलायझर, लाऊडस्पीकरवाल्यांचे मिक्सर दुकानात येत. त्यांचे वर-खाली सरकणारे स्लायडर झिजले की आवाज खरखरायचा, नाहीतर एका बाजूनं बंदच पडायचा. वडिलांची नजर कमी झाल्यावर हे बारीक काम माझ्याकडे आलं. स्लायडरच्या पत्र्याचे कान उघडायचे, काडीला कापूस गुंडाळून आतली कार्बनची पट्टी स्पिरिटनं पुसायची. पट्टी झिजलेली असली तर तिच्यावर घासणारी पितळेची जीभ जरा बाजूला वाकवायची, म्हणजे ती कोऱ्या कार्बनवरून सरकते. हे जीभ वाकवायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मलाच सुचलं होतं.

मी मागच्या खोलीत काम करायची आणि दादा ते दुकानात नेऊन ठेवायचा. मी एकदा वडिलांना विचारलं, मी दुकानात बसले तर काय होईल? ते म्हणाले, "पोरगी रिपेर करती म्हणलं तर कोण मशीन देईल?"

मंठ्याच्या एका साउंडवाल्याचा मिक्सर मी आदल्या वर्षी दुरुस्त केला होता; पुढच्या लग्नसराईत तो पुन्हा तो घेऊन आला. मी मावशीकडे गेले होते. दादानं उघडायचा कंटाळा केला आणि वरूनच शिलाई मशीनचं तेल सोडलं. स्लायडर लोण्यासारखे सरकायला लागले. पुढं तेलात धूळ बसली आणि एका लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच आवाज गेला. साउंडवाला चिडून आला. म्हणाला, "पिछले साल जिसने किया था, उसी के हाथ से होना."

वडील दादाला एक शब्द बोलले नाहीत. मिक्सर आणून माझ्यासमोर ठेवला. सगळे स्लायडर काढून त्यातलं तेल पुसता पुसता माझी बोटं स्पिरिटनं सोलली. साउंडवाला न्यायला आला तेव्हा वडिलांचं बोलणं मला पडद्याआडून ऐकू आलं. "पोरानं जीव लावून केलंय. घाई झाल्ती मागच्या टायमाला."

लग्न ठरल्यावर मी माझी छोटी कैय्या सोबत मागितली. सोल्डरिंगची ती कैय्या माझ्या हाताला बसलेली होती. वडील म्हणाले, तिकडं काय करायचंय तिचं? दादाला लागंल. दादानं दोन वर्षांत दुकान मोडून तिथं कॅसेट विकायला ठेवल्या.

पुढं वडील आजारी पडले आणि दवाखान्यासाठी जालन्याला माझ्याकडे राहिले. गावाकडचं एक जुनं गिऱ्हाईक त्यांना भेटायला आलं. जुन्या मशिनींच्या गोष्टी निघाल्या. वडील अंथरुणावर उठून बसले आणि म्हणाले, "आमच्या पोराचा हात म्हंजे हात होता."

मी पाणी घेऊन दारात उभी होते. मी म्हणाले, "बाबा, तो हात माझा होता."

पाहुणा खाली बघायला लागला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं आठवत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"आता हे काढून काय फायदा?" ते म्हणाले आणि पाहुण्याला पावसापाण्याचं विचारायला लागले.

इतक्या वर्षांनी मी बोलले, पण हलकं काही वाटलं नाही. दादा त्या आठवड्यात एकदाही आला नव्हता. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, त्याचा फोन आल्ता का?